फिल्टर: तांबट

पूर्वी पाच एजन्स्यांची पाच दारं होती,
पाच पासवर्ड, गेल्या सालच्या कॅलेंडरमागे लिहिलेले.
रात्री सिडकोतल्या गच्चीवर नेट धरून
एकेक दार ठोठवायचो.
कुठे अडतीस सेंट, कुठे काहीच नाही,
एक तर महिन्यातून एकदाच उघडायचं,
तेही तिकडचा सोमवार असेल तर.
बेरीज मी करत नसे.
न मोजलेल्या पैशाला
एक मोकळेपणा असतो.

मेहुण्याला ते बघवेना.
मेहुणा नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
दिवसभर कोटी बघायचे
आणि घरी येताना खिशात रिक्षापुरते.
"धंदा करतोस आणि गल्ला माहीत नाही?"
म्हणाला, आणि एका रविवारी
ते सॉफ्टवेअर टाकून दिलं.

आता पहाटे चारला ते आपणहून निघतं,
पाचही दारी जाऊन येतं,
डॉलर, युरो, सगळं रुपयांत कुटून
उशाशी ठेवतं.
एकच फोटो पाच ठिकाणी पाच नावांनी असला
तरी ओळखतं, एका ओळीत बसवतं.
द्राक्षाचा घड, मागे पांढरं: सत्तावीस.
सोमेश्वरचं पाणी: चार.
रामकुंडावरची पहाट, जिच्यासाठी सहा रात्री
चहावाल्याच्या बाकावर काढल्या: एक.
तोही परत केलेला.

आणि सगळ्यात वर
हातोडा, अर्धा घडलेला हंडा, दोन हात.
चारशे बारा.

हात जनुभाऊंचे, तांबट आळीतल्या.
संमतीच्या कागदाखाली ऐरण होती,
म्हणून सही जरा खड्ड्याखड्ड्यांची.
मोबदला: एक मिसळ, तर्री दोनदा.
त्या हातांखाली मीच शब्द टाकले होते,
परंपरा, कष्ट, विश्वास, वार्धक्य,
आणि कुठल्याशा थंड देशातली विमा कंपनी
त्यांच्यावर भरवसा ठेवून होती.

सॉफ्टवेअरला फिल्टर आहे, माणसागणिक.
एका रात्री बोट तिकडे गेलं.
एकवीस हजार सहाशे चाळीस.
'मला काय माहीत' हे माझं
सगळ्यात जुनं भांडवल होतं.
तेवढ्यात बुडालं.

सगळे पैसे घेऊनच निघालो होतो.
द्वारकेच्या सिग्नलला, नव्वद सेकंद होते,
अर्धे दुसऱ्या खिशात घातले.
कॅमेरा माझा, म्हटलं. पेट्रोल माझं.
पहाट माझी, सहा रात्रींची,
हेही म्हटलं, जरी तिचा इथे संबंध नव्हता.

जनुभाऊंचे कान ठोक्यांत गेलेले.
आकडा दोनदा सांगावा लागला, ओरडून.
समोरची कल्हई थांबली.
अख्ख्या आळीने ऐकला
तो अर्धाच आकडा.

त्यांनी अंगठा जिभेला लावून मोजले.
एक नोट उजेडाकडे धरली,
"मेहुण्याच्या हातची दिसतेय," म्हणाले,
आणि हसले, आणि नाही हसले.
मग हंडा गुडघ्यात फिरवत,
"हातच घेतात होय लोक?
तोंडाचा पण काढला होता ना तुम्ही?
टोपी सारखी करून बसलो होतो."

"लावलाय, तोही लावलाय," मी ओरडलो.
खोटं नव्हतं. पाचही ठिकाणी आहे.
डोळ्यांत भट्टीचा ठिपका,
टोपी सारखी, जरा जास्तच सारखी.
तीन वर्षं. शून्य.

दुसरा खिसा घरी येईपर्यंत जड होता.
पहाटे चारला जाग आली तेव्हा
ते पुन्हा निघालं होतं,
दारोदार,
त्या तोंडासाठीही विचारत.